सुटलेला टाका

स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांवर विणल्या जाणाऱ्या लोकरीच्या जाळीदार शालींपैकी काही इतक्या तलम असतात की त्या अंगठीतून आरपार ओढता येतात. या विणीतील नक्षी छिद्रांची असते: सुईवर धागा नुसता लपेटून एक टाका वाढवला की छिद्र पडते, आणि दोन टाके एकत्र विणून संख्या पुन्हा जुळवली जाते. साध्या विणीत टाका सुटला, तर आडव्या धाग्यांची शिडी तयार होते व क्रोशाच्या सुईने एकेक पायरी ओढून तो वर आणता येतो. जाळीत मात्र लपेटलेल्या धाग्याखाली आधाराचा टाकाच नसल्यामुळे, कोणत्या ओळीत काय वाढले आणि काय जोडले गेले हे ओळखूनच दुरुस्ती करावी लागते. म्हणून जाणकार विणकर ठरावीक ओळींनंतर सर्व टाक्यांमधून वेगळ्या रंगाचा गुळगुळीत दोरा ओवून ठेवतात. चूक झालीच, तर वीण त्या दोऱ्यापर्यंतच उसवावी लागते. चूक गृहीत धरून परतीची जागा आधीच राखणे, हेही कौशल्यच होय. आयुष्याच्या विणीतही असा एक दोरा प्रत्येकाने वेळीच ओवून ठेवावा.