देवाला चालतं, मंडळाला का चालत नाही?

आमच्या पाटोदा तालुक्यात भजनी मंडळ नसलेलं गाव शोधावं लागेल. शंभर उंबऱ्याच्या वाडीतही एकादशीला रात्री मारुतीच्या पारावर टाळ वाजतात. पण नवीन शिकलेल्या पोरानं या मंडळात शिरायचं ठरवलं, की त्याला कळतं, पार उघड्यावर असला तरी दार आहेच. कुणी नाही म्हणत नाही. "बघू पुढच्या एकादशीला" म्हणतात. पुढची एकादशी पंधरा दिवसांनी येते आणि तेच वाक्य पुन्हा ऐकू येतं.

आमच्या गल्लीतल्या एका पोराचं असंच चाललंय. पोलीस भरतीची तयारी करतो, पहाटे माळावर पळतो आणि दुपारी मोबाइलवर बघून पेटी शिकतो. बोटं बरी पडतात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला मास्तर, मंडळात पेटीवर बसतो, म्हणून तो माझ्याकडे आला. म्हणाला, "गुरुजी, देव भावाचा भुकेला असतो असं तुम्ही सगळे सांगता. माझा भाव खोटा आहे का? देवाला माझं गाणं चालतं, तर मंडळाला का चालत नाही? सरळ स्वतःचंच मंडळ काढू का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं. आधीचा प्रश्न मात्र मला हसण्यावारी नेता येईना. कीर्तनकार रोज रात्री जे सांगतात, तेच त्यानं आमच्यासमोर आणून ठेवलं होतं. देवाला सूर लागत नाही, ताल लागत नाही, फक्त भाव लागतो, हे खरं असेल तर पेटीवर कोण बसणार यावरून भांडायचं कशाला?

आधी त्याची खरी अडचण सांगतो, कारण ती त्याला कुणी सांगितलीच नव्हती. त्याला चार-पाच अभंग वाजवता येतात, पण सगळे पांढरी एकमध्ये. मोबाइलवरच्या मास्तरानं तिथूनच शिकवलं. आमचे म्हणणारे बुवा उंच आवाजाचे. ते काळी दोन धरतात, रंगात आले की त्याच्याही वर जातात. पट्टी बदलली की या पोराच्या बोटांखालची सगळी वाट बदलते. मग तो मधेच थांबतो, सूर हुडकतो, तोवर बुवा अंतऱ्याला पोचलेले असतात. यात भावाचा काही दोष नाही. पट्ट्या बदलून वाजवायचा रियाज कमी आहे, एवढंच. पण "तुझी पट्टी जमत नाही" असं तोंडावर सांगायला आमच्या मंडळींना जड जातं आणि "बघू" म्हणायला सोपं जातं. त्यामुळे पोराला वाटतं, आपल्यालाच नाकारलं.

आता त्याच्या प्रश्नाकडे येतो. गंगाखेडची जनाबाई आमच्या शेजारच्या परभणी जिल्ह्यातली. ती दळताना गायची असं आपण सांगतो. जात्यावर बसलेल्या बाईला कुणी पट्टी विचारत नाही. आमच्या अंबाजोगाईच्या दासोपंतांनी कापडाच्या लांबलचक पासोडीवर वेदान्त लिहिला, तो एकट्यानं लिहिला. एकट्यानं करायच्या भक्तीला कुणाची परवानगी लागत नाही आणि कधी लागली नाही. त्या पोराला फक्त देवालाच ऐकवायचं असेल, तर घरचं देवघर चोवीस तास उघडं आहे. पण त्याला मंडळ हवंय. म्हणजे त्याला माणसं हवीत. यात पाप काही नाही, उलट वारकरी पंथाची सगळी ओढच माणसांकडे आहे, नाहीतर पंढरीला एकेकट्यानं गेलं असतं तरी चाललं असतं. मात्र माणसं हवी म्हटलं की माणसांचाही आपल्यावर काही हक्क येतो. ताल हा तो हक्क आहे. शेजारचा कुठं आहे याचं भान मला आहे की नाही, हे तालावरून कळतं. माझा भाव माझ्या आत असतो, तो शेजाऱ्याला दिसत नाही, आणि खरं बोलायचं तर मलाही नीट दिसत नाही. डोळे मिटून, मान डोलावून भाव आणता येतो, गावोगाव आणतात. ताल तसा आणता येत नाही. सम चुकली की ती पारावरच्या लहान पोरालाही कळते. म्हणून मला वाटतं, मंडळानं परीक्षा तालाची घ्यावी आणि भावाची देवावर सोडावी. उलटं करायला गेलं, तर कुणाचा भाव खरा हे ठरवणारे चार शहाणे तयार होतात, आणि ते फार वाईट.

तुकोबांचं उदाहरण मी त्याला दिलं. त्यांनी आपल्या आयुष्याची हकीकत एका अभंगात स्वतः सांगून ठेवली आहे. घरचा व्यवसाय बुडाला, दुष्काळात बायको गेली, मग त्यांनी देवळाची डागडुजी काढली आणि एकादशीला कीर्तन करू लागले. तेव्हा अभ्यासात चित्त नव्हतं, हे ते स्पष्ट कबूल करतात. मग काय केलं? संतांची काही वचनं पाठ केली, आणि पुढं जे गात होते त्यांच्यामागं धृपद धरलं. ज्याचे अभंग आज अख्खा महाराष्ट्र म्हणतो, त्या माणसाची सुरुवात दुसऱ्याच्या मागं उभं राहून, दुसऱ्यानं टाकलेली ओळ उचलण्यापासून झाली. पुढं त्यांच्या मागं चौदा टाळकरी उभे राहिले असं परंपरा सांगते, पण ते नंतर. आधी ते स्वतः मागच्या रांगेत होते.

मागच्या रांगेत काय शिकायला मिळतं, ते बाहेरून दिसत नाही. टाळाचंच घ्या. नवीन माणूस जोरात वाजवतो, कारण वीस टाळांत त्याला स्वतःचा टाळ ऐकू येत नाही आणि तो ऐकू यावा असं वाटतं. शिवाय त्याची लय वाढते. बुवा रंगले की रक्त उसळतं, हात पुढं पळतो, आणि एकाचा पळाला की दोन्ही बाजूंचे ओढले जातात. जुना टाळकरी बुवांच्या तोंडाकडे बघत नाही, त्याची नजर मृदंगावरच्या हातावर असते. त्याचा टाळ तुम्हाला वेगळा ऐकूच येत नाही. तो उठून गेला तर मात्र काहीतरी कमी झाल्याचं कळतं.

किंवा मृदंगाची कणीक. डाव्या पुडीला ओली कणीक थापल्याशिवाय मृदंग बोलत नाही, आणि ती दरवेळी ताजी लागते. आमच्याकडे नव्या पोराला पहिलं काम हेच, घरून कणीक भिजवून आण. पोरांना हा अपमान वाटतो. पण किती सैल भिजवायची, किती थापली की आवाज खाली बसतो, चिमूटभर काढली की केवढा चढतो, हे बोटांना कळायला लागलं की कान तयार व्हायला लागलेत असं समजावं. भजन संपल्यावर ती खरवडून पुडी पुसायचीही असते, नाहीतर उंदीर पुडीवर ताव मारतात. आमच्याकडे एक पुडी अशीच गेली.

आणि सप्ताहातला वीणा. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस खाली टेकवत नाहीत. गळ्यात घालून उभं राहायचं, नामस्मरण चालू ठेवायचं, पहारे बदलत राहायचे. संध्याकाळच्या हरिपाठाच्या वेळी पहारा घ्यायला रांग लागते, कारण तेव्हा गाव जमलेलं असतं. रात्री दोन ते चारच्या पहाऱ्याला माणूस हुडकावा लागतो. मंडपात दोन कुत्री आणि घोरणारा आचारी, बस. ज्याला कुठं जागा मिळत नाही त्यानं हा पहारा मागून घ्यावा, कुणी नाही म्हणणार नाही. भगवानगडाचा नारळी सप्ताह दरवर्षी नव्या गावाला जातो, तिथं तर अशा माणसांची गरजच असते. वीणा देताना देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो आणि घेणारा देणाऱ्याच्या. साठीचा माणूस अठराच्या पोराच्या पाया पडतो. ऐकणारं कुणी नसताना दोन तास उभं राहून झालं, की आपल्याला गायचंय कशासाठी याचं उत्तर ज्याचं त्याला मिळतं. काहींना ते आवडत नाही आणि ते दुसऱ्या दिवशी येत नाहीत. ठीक आहे, तेही उत्तरच.

इथवर मी मंडळाची बाजू घेतली. आता मंडळाला चार शब्द.

"देवाला चालतं, तुम्हाला का नाही?" हा प्रश्न या पोराच्या कितीतरी आधीचा आहे. चोखोबांचं सगळं आयुष्य त्या प्रश्नात गेलं. त्यांची समाधी पंढरपूरला महाद्वारासमोर, देवळाच्या बाहेर आहे. आत जायला त्यांच्या माणसांना 1947 साल उजाडावं लागलं, आणि त्यासाठी साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. म्हणून माझ्या मते नकाराचे दोन प्रकार नीट वेगळे करायला हवेत. "तुला अजून येत नाही" हा एक नकार, आणि "तू आमच्यातला नाहीस" हा दुसरा. पहिल्या नकारात रस्ता असतो, काय शिकून यायचं ते सांगता येतं. दुसऱ्यात रस्ता नसतो, म्हणून तो नकार देणारा काही सांगत नाही, नुसता "बघू" म्हणतो. आमच्या मंडळांची खोड ही, की आपण दोन्हीला एकच शब्द वापरतो. मग ऐकणाऱ्यानं कुठला समजायचा? पाया सगळ्यांच्या पडतो, पण मृदंग बापाकडून लेकाकडंच जातो आणि पेटी ज्याच्या घरी ठेवलेली असते त्याचीच होऊन बसते. बायकांना तर पिढ्यान्‌पिढ्या टाळच दिला नाही. शेवटी त्यांनी स्वतःची मंडळं काढली, आणि आज कित्येक गावांत पुरुषांचं मंडळ झोपलेलं असताना बायकांचं जागं आहे. भीमजयंतीला गाणाऱ्या पोरांनीही वामनदादा कर्डकांची गाणी कुणाच्या परवानगीची वाट बघत शिकली नाहीत. ज्याला दुसऱ्या प्रकारचा नकार मिळाला असेल, त्यानं खुशाल आपलं मंडळ काढावं. त्याला माझा पाठिंबा आहे आणि माझी पेटीही आहे.

आमच्या पोराचा नकार पहिल्या प्रकारचा होता. त्याला मी तसं सांगितलं, पट्टीसकट.

बीड जिल्ह्यात एक गोष्ट आणखी आहे, ती इतरांच्या ध्यानात येत नाही. दसरा झाला की मुकादमाच्या गाड्या लागतात आणि अर्धं गाव ऊसतोडीला जातं. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, जिथला कारखाना असेल तिथं. परत यायला मार्च-एप्रिल उजाडतो. आमचा मृदंग वाजवणारा कोयत्यावर जातो, टाळकऱ्यांतले बरेच जातात. काही जण टाळ सोबत नेतात. कोपीवर, दिवसभर ऊस तोडून मोळ्या भरल्यावर हात उचलत नसतानाही एकादशी चुकवत नाहीत. तालाबद्दल मी वर एवढं लिहिलं, पण त्या भजनाला ताल विचारायची माझी हिंमत नाही. इकडं गावात मात्र म्हातारे आणि शाळकरी पोरं उरतात, आणि मंडळ अर्धं होतं. नवख्याला शिरायची हीच वेळ. जागा रिकामी असते, चुकलेलं सांभाळून घेतात, आणि चैत्रापर्यंत हात बसतो. फक्त, जुना माणूस परत आला की उठून त्याची जागा त्याला द्यायची, तोंड वाकडं न करता. हे ज्याला जमलं त्याला पुढं कुणी उठवत नाही.

स्वतःचं मंडळ काढायचंच असेल तर तिघं पुरेत. एक म्हणणारा, एक मृदंग, एक टाळ. पेटी नसली तरी चालते. पण आमच्याकडची पोरं आधी नाव ठरवतात, मग फ्लेक्स छापतात, त्यावर कुणाचा फोटो मोठा यावरून फुटतात, आणि मृदंगाला शाई भरायची राहूनच जाते. साऊंड भाड्यानं आणू नका, इको तर मुळीच नको; इकोमध्ये सगळे बेसूर सारखेच गोड लागतात. हरिपाठाचे अभंग पुस्तक न बघता येईपर्यंत कुणाची सुपारी घेऊ नका. चक्री भजन करा, गोल बसा, पाळीनं एकेकानं अभंग म्हणा, म्हणजे आपोआप प्रत्येकाला पुढंही यावं लागतं आणि मागंही राहावं लागतं.

कुणाला यातून पोट भरायचं असेल, तर त्यालाही मी नाक मुरडत नाही. भागवत कथेच्या संगीतात ऑक्टोपॅड वाजवणाऱ्या पोराला चार पैसे मिळतात, लग्नाच्या बँडमध्येही मिळतात. ती कला आहे आणि ते काम आहे. ज्याला घर सोडता येतं त्यानं आळंदीला जावं. जोग महाराजांनी 1917 मध्ये तिथं वारकरी शिक्षण संस्था काढली, आमच्या नेकनूरच्या बंकटस्वामींचं नाव त्या संस्थेशी जोडलेलं आहे. चार वर्षांचा अभ्यास असतो. भरतीचा फॉर्म भरलेल्या पोराला ते जमणारं नाही, त्याला गावातच शिकावं लागेल. म्हणजे त्याला गावानंच शिकवावं लागेल.

तेव्हा जिल्ह्यातल्या मंडळींना विनंती आहे. पेटीच्या खोक्यात टाळाची एक जोडी जास्तीची ठेवा. दर एकादशीला मागच्या रांगेत एक जागा मोकळी सोडा, आणि नव्या पोराला "बघू" म्हणायचं सोडून काय येत नाही ते तिथल्या तिथं सांगा.