आधी वायर बघा

बेस नीट लागलेला असतो तेव्हा त्याचं नाव कुणी काढत नाही. गायकाला दाद मिळते, ढोलकीला मिळते, ऑक्टोपॅडभोवती पोरं जमतात. बेस गेला की गाणं पोकळ होतं आणि नेमकं काय गेलं, हे कुणाला सांगता येत नाही. मग सगळे एकच सांगतात: आवाज वाढव.

आवाज वाढवणं हा सर्वांत सोपा उपाय आहे. म्हणूनच तो शेवटी करावा.

परतूरला भीमजयंतीचा ऑर्केस्ट्रा असो, गणपतीतला कार्यक्रम असो की लग्नाच्या आदल्या रात्रीची गाणी, मंचामागे एक माणूस उकिडवा बसून वायरी चाचपत असतो. त्याच्या हातातलं काम मला फार मोलाचं वाटतं. लोकांना तो दिसतो तो मात्र काही बिघडल्यावरच.

*

बेस गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की सेकंदाला 41 कंपनं होतात. काळी एकच्या पुरुषी तंबोऱ्याचा खर्ज 69 च्या आसपास असतो. तंबोरा जिथे थांबतो त्याच्याही बऱ्याच खाली हे वाद्य उतरतं. तिथल्या एका लाटेची लांबी सव्वाआठ मीटर भरते, म्हणजे सत्तावीस फूट. आपल्याकडचे कितीतरी मंच एवढे लांब नसतात.

खालचा स्वर काढायला हवा फार ढकलावी लागते. एक सप्तक खाली उतरून तेवढाच आवाज हवा असेल, तर स्पीकरच्या कोनाला चौपट पुढेमागे व्हावं लागतं. बेसचा नॉब बारा डेसिबल वर नेला की मशीनकडे सोळापट ताकद मागितली जाते. नॉब मात्र बोटभरच फिरतो. एवढ्या हलक्या हाताने एवढी मोठी मागणी दुसऱ्या कुठल्या यंत्राकडे करता येत असेल, असं वाटत नाही. कॉइल जळते ती याच बोटभर अंतरात. जळक्या वॉर्निशचा तो वास आला की त्या रात्रीपुरता बेस संपला. उद्या बॉक्स जालन्याला न्यायचा.

हा त्रास वाद्याइतकाच जुना आहे. लिओ फेंडर यांनी 1951 मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला आणि 1952 मध्ये त्याच्यासाठी बासमन हे मशीन. त्यात सुरुवातीला पंधरा इंची एकच स्पीकर होता. पुढे त्याच्या जागी दहा इंची चार आले. अॅम्पेगने 1969 मध्ये 300 वॉटचं एसव्हीटी काढलं, तेव्हा त्याला दहा इंची आठ-आठ स्पीकरांचे दोन बॉक्स जोडायचे होते. ताकद वाढली तशी हवा ढकलणारी जागाही वाढली. आपण यातलं पहिलं घेतो आणि दुसरं सोडतो. वॉट दुप्पट केले की हाती तीन डेसिबल लागतात, कानाला जेमतेम कळतील एवढे. तेवढ्याच पैशांत दुसरा बॉक्स आला, तर फरक समोरच्या शेवटच्या रांगेला कळतो.

पेटीवर छापलेल्या पीएमपीओच्या हजारो वॉटांना कसलंही प्रमाण नाही. तो आकडा वाचूच नये.

*

मशीन मुकं झालं की माणूस आधी मशीन उघडतो. आत धूळ असते, परतूरला कापसाच्या हंगामात रुईचे तंतूही असतात, आणि दोष बहुतेक वेळा तिथे नसतो. दोष जोडात असतो. पिन आणि वायर जिथे भेटतात तिथे, जॅकच्या काळवंडलेल्या पत्तीत, बेस गिटारच्या पोटातल्या नऊ व्होल्टच्या बॅटरीत. ही बॅटरी उतरली की स्वर फाटतो आणि सगळे स्पीकरला दोष देतात. वादकाने गिटारमधली पिन रात्रभर तशीच ठेवलेली असते. पिन आत असेपर्यंत बॅटरी जळत राहते, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

पुष्कळ मशीनच्या पाठीमागे सेंड आणि रिटर्न अशी दोन भोकं असतात. वर्षानुवर्षं त्यांत कुणी काही घालत नाही, म्हणून आतले संपर्क गंजतात आणि आवाज येतो-जातो. छोटी वायर घेऊन ती दोन भोकं एकमेकांना जोडा. आवाज भरून आला तर दोष सापडला. मशीनचा एकही स्क्रू काढावा लागला नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या आणि आवाज आला, तर आवाज मिळतो पण दोष हरवतो. हरवलेला दोष पुढच्या कार्यक्रमाला परत येतो, आणि तो नेमका दुसऱ्या गाण्याला येतो.

गिटारची वायर आणि स्पीकरची वायर बाहेरून सारख्या दिसतात, पिनही तीच. आत मात्र एकीत केसासारखी बारीक तार आणि भोवती जाळी, दुसरीत दोन जाड तारा. घाईत पहिली स्पीकरला लागते. तासाभरात ती गरम होते. हात लावून बघावं. वायर तापली असेल तर ती चुकीच्या कामाला लावलेली आहे.

*

ओहमचं गणित अवघड नाही, पण मंचावर ते कुणी करत नाही. आठ ओहमचे दोन बॉक्स समांतर जोडले की चार होतात. बहुतेक मशीन चारपर्यंत सोसतात. तिसरा बॉक्स 'जरा आवाज भरेल' म्हणून जोडला की पावणेतीनच्या खाली येतो आणि मशीन तापून स्वतःला बंद करून घेतं. लोक म्हणतात, मशीन हलकं आहे. मशीनने स्वतःला वाचवलेलं असतं.

मल्टिमीटरने आठ ओहमचा बॉक्स मोजला तर काटा सहाच्या आसपास थांबतो. तो बिघाड नव्हे. मीटर एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचा अडथळा मोजतो, आठ हा आकडा नाचत्या विजेचा.

जुन्या नळ्यांच्या मशीनला तर बॉक्स न जोडता चालूच करू नये. त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो आणि तसा पुन्हा मिळवायचा म्हणजे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपर्यंत शोध. भोंग्यांची दुनिया आणखी वेगळी. गावभर लांब वायर ओढून भोंगे लावायचे असतात म्हणून तिथे 100 व्होल्टची लाईन चालते. त्या खुंटीला आठ ओहमचा बॉक्स लावला तर कॉइल पहिल्याच घोषणेला जाते. एकाच मशीनच्या पाठीवर दोन्ही खुंट्या शेजारी असतात. शेजारी आहेत म्हणून त्या सारख्या नाहीत.

*

आता गुणगुण.

आपल्या विजेची कंपनं सेकंदाला 50. बेसच्या जाड तारेवर तिसऱ्या पडद्याला बोट टेकवलं की 49 चा स्वर निघतो. विजेची गुणगुण त्या स्वराच्या इतकी जवळ बसते की वाजवणाऱ्याला आपलीच तार बेसूर लागल्यासारखी वाटते. अशा वेळी तार पिळू नये, आधी सगळं थांबवून ऐकावं. गुणगुण खाली, गोल, 50 ची असेल तर दोष बाहेर आहे: वायरीच्या जाळीत किंवा अर्थिंगमध्ये. ती वरच्या सप्तकात, 100 च्या आसपास, जरा खरखरीत असेल तर दोष आत आहे, बहुधा पॉवर सप्लायचे कपॅसिटर सुकलेत. एवढा निवाडा उपकरणाविना होतो. त्यासाठी मंचावर दोन मिनिटं शांतता लागते, आणि ती मिळवणं दुरुस्तीपेक्षा अवघड असतं.

परतूरची जमीन काळी. उन्हाळ्यात ती फाटते, भेगांत हात जाईल इतकी. पावसाळ्यात रोवलेली अर्थिंगची सळई एप्रिल-मेमध्ये मातीला नावापुरती टेकलेली असते, आणि जयंत्या, लग्नं नेमकी तेव्हाच. कोरडी माती वीज जमिनीत जाऊ देत नाही. सळईच्या खड्ड्यात मीठ-कोळसा असेल तर दोन बादल्या पाणी ओतलं तरी फरक पडतो. मग डीपीवरून येणाऱ्या वायरीत न्यूट्रल पक्का आहे का, ते बघावं. न्यूट्रल सुटला की एका फेजवर व्होल्टेज भडकतं आणि दुसऱ्यावर मरतं. मशीन कुठल्या फेजवर आहे यावर त्याचं आयुष्य ठरतं.

गुणगुण जावी म्हणून काही जण प्लगची तिसरी, जाड पिन मोडतात. गुणगुण जाते. त्याबरोबर वादकाचं संरक्षणही जातं. मग आतली एखादी वायर बॉडीला लागलेली असेल, तर गिटारच्या तारांवर बोटं असलेला माणूस माईकला ओठ लावतो तेव्हा वीज त्याच्यातून वाट काढते. वेल्समधल्या स्वान्सी शहरात 1972 मध्ये लेस हार्वी हा तरुण गिटारवादक अर्थिंग नसलेल्या माईकला हात लावताच मंचावरच गेला. ओठाला झिणझिण्या आल्या की आपल्याकडे हसून 'करंट मारतोय' म्हणतात आणि माईकवर रुमाल गुंडाळतात. रुमाल गुंडाळू नका. कार्यक्रम थांबवा.

*

दोन बॉक्स लावले आणि बेस वाढण्याऐवजी कमी झाला, असं पुष्कळदा घडतं. एका बॉक्सच्या तारा आत उलट्या जोडलेल्या असतात. एक कोन पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो. एकाने ढकललेली हवा दुसरा ओढून घेतो. वरचे स्वर तरी येत राहतात, खालचे नाहीसे होतात. ताकद पूर्ण, खर्च पूर्ण, आवाज नाही.

हे तपासायला नऊ व्होल्टची साधी बॅटरी पुरते. मशीनपासून सोडवलेल्या वायरीच्या दोन टोकांना ती क्षणभर लावायची, अधिक टोक पिनच्या शेंड्याला. कोन टचकन पुढे आला की बॉक्स सरळ, मागे गेला की उलटा. जाळी काढलेली असेल आणि उजेड तिरपा पडत असेल तर ती हालचाल स्वच्छ दिसते, आणि एक बारीक 'टप' ऐकू येतो. सगळे कोन एकाच दिशेला येतात हे एकदा पाहिलं की त्या मांडणीवर भरवसा बसतो.

बॉक्स कुठे ठेवावा? फळ्यांच्या पोकळ मंचावर ठेवला तर फळ्याच वाजू लागतात आणि वादकाला वाटतं, बेस फार झाला. त्याखाली जाड फोम द्यावा, किंवा बॉक्स सरळ जमिनीवर घ्यावा. कोपऱ्यात सरकवला की बेस फुगतो. फुगलेला बेस भरलेला वाटतो, पण त्यात स्वर ओळखू येत नाही. बेसची लाट काही अंतरावर जाऊन 'उघडते', असं अनेक जण सांगतात. तसं काही नसतं. वाजवणाऱ्याच्या गुडघ्याला आवाज लागतो म्हणून त्याला तो कमी वाटतो, आणि मंगल कार्यालयाच्या भिंतींवरून परतलेल्या लाटा कुठे भरतात, कुठे एकमेकींना खाऊन टाकतात. म्हणून वादकाला वाजवत ठेवावं आणि साउंडवाल्याने शेवटच्या खुर्चीपर्यंत चालत जावं. बसल्या जागेवरून बेस लावता येत नाही.

*

या सगळ्याचं उत्तम शिक्षण आपल्या तालुक्यात फुकट मिळतं. सप्ताह बसतो तेव्हा कीर्तनाच्या आधी पखवाजवाल्याकडे बघावं. तो कणीक मळतो, चिमूटभर घेतो, डाव्या तोंडाच्या मधोमध लावतो, थाप मारतो. ऐकतो. थोडी कडेने पसरवतो. पुन्हा थाप. जास्त झाली तर नखाने खरवडून काढतो. खर्ज किती हवा हे तो थापेला विचारतो, आणि त्याच्या बोटाला चिमटीतला फरक कळतो. कणीक वाळू लागली की अभंगांच्या मध्ये ओलं बोट फिरवतो.

त्यानंतर माईक लागतो आणि कुणीतरी बेसचा नॉब पूर्ण फिरवतो. अर्ध्या तासाची बोटांची मेहनत एका बोटाने पुसली जाते. मला याचं फार वाईट वाटतं. पखवाजाचा खर्ज मशीनने जसाच्या तसा पुढे न्यावा, त्यात भर घालू नये. टाळकऱ्यांना गजर चढवायचा असेल तर ते टाळाने चढवतील.

राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस वाजवत. ती गाणी मोबाइलच्या स्पीकरवर ऐकत वाढलेल्या पोरांनी ती अर्धीच ऐकलेली आहेत. चांगल्या बॉक्सवर पहिल्यांदा ऐकली की ती चाल गायकाखालून स्वतःची वाट काढत जाते, हे कळतं. हा बेस मोठा नाही. तो स्वच्छ आहे.

ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे. ही मोजणी कानाच्या कलाने होते, त्यामुळे 50 हर्ट्झचा आवाज तिच्यात तीस डेसिबलने कमी धरला जातो. पत्रे थरथरतात, म्हाताऱ्या माणसाची छाती धडधडते, आणि मीटर पुष्कळच कमी दाखवतो. मीटर खोटं बोलत नाही. त्याला तो प्रश्नच विचारलेला नसतो. म्हणून बेसच्या बाबतीत शेजाऱ्याचं म्हणणं मीटरपेक्षा खरं धरावं.

*

मंडळाच्या पदाधिकाऱ्यांना एक सांगणं आहे. हार, सत्कार, प्रास्ताविक यांचं वेळापत्रक करता तेव्हा साउंडवाल्याला दिवसाउजेडी एक तास लिहून द्या, आणि त्या तासात मंचावर कुणाला चढू देऊ नका. डीपीपासून मंचापर्यंत वायर कशी आली आहे, ते तुमच्यातल्या एकाने त्याच्याबरोबर चालत बघा. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओता. ऐन वेळी कुणी आणखी एक बॉक्स आणला तर तो गाडीतच राहू द्या. आणि गायकाला पाकीट देता त्याच रात्री साउंडवाल्याचेही पैसे द्या.