थाळनेरच्या किल्लेदाराचा गुन्हा कोणता?

शिरपूर तालुक्यातलं थाळनेर म्हटलं की तापीकाठच्या फारुकी सुलतानांच्या कबरी आठवतात. त्याच गावच्या किल्ल्यात २७ फेब्रुवारी १८१८ रोजी संध्याकाळी होळकरांचा किल्लेदार तुळशीराम मामा फासावर चढला. हुकूम होता इंग्रज सेनापती सर थॉमस हिस्लॉप याचा. शिक्षा माणसाच्या कर्माची द्यायची, की इतरांना धाक बसावा म्हणून?

हिस्लॉप तोफखान्यातल्या अधिकाऱ्याचा मुलगा, वूलिचच्या लष्करी शाळेत शिकलेला. १७९६ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या डचांच्या वसाहती जिंकणाऱ्या मोहिमेत तो होता. डिसेंबर १८१२ मध्ये मुंबईला निघाला असताना ब्राझीलजवळ त्याचं जहाज अमेरिकनांनी जिंकलं. तिथे तो कैदी झाला. पण लढाईतून अंग काढून घेण्याचं वचन घेऊन बेनब्रिज या अमेरिकन कप्तानाने त्याला मानाने सोडून दिलं.

पाच वर्षांनी कैदी दुसरा होता. महिदपूरच्या पराभवानंतर ६ जानेवारी १८१८ च्या मंदसोर तहात होळकरांनी खानदेशातला मुलूख कंपनीला दिला होता. किल्ला दे, नाहीतर बंडखोर समजू, अशी ताकीद थाळनेरच्या किल्लेदाराला २७ फेब्रुवारीच्या सकाळीच मिळाली होती. तरी किल्ल्यातून गोळीबार झाला. इंग्रजी तोफा सुरू झाल्या, बाहेरचे दरवाजे पडले, तेव्हा किल्लेदार काही वाण्यांसह बाहेर आला आणि स्वाधीन झाला.

आतल्या दरवाजामागे अरब शिबंदी मात्र अजून होती. थोडी बोलाचाली झाली, दिंडी उघडली, मूठभर इंग्रज आत शिरले आणि शिबंदी त्यांच्यावर तुटून पडली. मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅकग्रेगर ठार झाले. चिडलेल्या फौजेने मग सुमारे तीनशेंची सगळी शिबंदी कापून काढली. हे घडलं तेव्हा किल्लेदार इंग्रजांच्याच ताब्यात होता.

हिस्लॉपचा बचाव अगदीच पोकळ नव्हता. धन्याने सोडलेला किल्ला लढवणं हे बंड, असं तो मानत होता. पण किल्ला लढवला म्हणून किल्लेदाराला मारण्याची जुनी रीत स्विस विधिज्ञ व्हाटेल याने १७५८ मध्येच निषिद्ध ठरवली होती. निःशस्त्रावर वार करायचा नाही, हा नियम तर कौरव-पांडवांनीही युद्धाआधी मान्य केला होता. तो त्यांनी पुढे मोडला, हे खरं. पण मोडणाऱ्यांना महाभारत दोष देतं, शाबासकी नाही.

मार्च १८१९ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने या मोहिमेबद्दल आभाराचे ठराव केले. तेव्हा थाळनेरच्या फाशीवर कडक प्रश्न विचारले गेले, आणि हिस्लॉपचे आभार मानताना ही फाशी त्यातून वगळली गेली.

ताकीद न जुमानल्याचा दोष तुळशीराम मामाचा होता. दिंडीमागच्या खुनाचा दोष त्याच्या माथी मारायला पुरावा हवा होता. तो न शोधता त्याच संध्याकाळी दिलेली फाशी धाक म्हणून समजते, न्याय म्हणून नाही.