लहरींचे स्वामित्व आणि श्रोत्याचे स्वातंत्र्य

‘नियमनमुक्ती’ या संज्ञेत मुक्ती नेमकी कोणाची, हा प्रश्न अध्याहृतच राहतो. प्रसारणाच्या संदर्भात तो केवळ धोरणाचा नसून नैतिक आहे. वृत्तपत्रे कितीही निघू शकतात. रेडिओलहरींचा पट्टा मात्र मर्यादित असल्याने एकाला दिलेली लहर ही दुसऱ्याला नाकारलेली लहर असते.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये ‘रेड लायन’ खटल्यात प्रसारकाच्या हक्कापेक्षा श्रोत्या-प्रेक्षकांचा हक्क श्रेष्ठ मानला आणि वादविषयाच्या विरोधी बाजूंनाही स्थान देण्याचे बंधन वैध ठरवले. १९८७ मध्ये तेथील नियामक आयोगाने हेच बंधन रद्द केले. वाहिन्या वाढल्या की विविधता आपोआप येते, असे त्यामागील एक गृहीतक होते. इटलीचा अनुभव त्याला छेद देतो. १९७६ च्या घटनात्मक न्यायालयाच्या निर्णयाने तेथे स्थानिक खासगी प्रसारणास वाट मिळाली; परंतु दशकभरातच तीन देशव्यापी वाहिन्या सिल्व्हिओ बर्लुस्कोनी यांच्या हाती एकवटल्या आणि १९९० च्या कायद्याने त्या वस्तुस्थितीस मान्यता दिली. संख्या आणि विविधता या भिन्न गोष्टी आहेत.

याचा अर्थ शासकीय मक्तेदारी श्रोत्याच्या हिताची असते, असा नव्हे. आणीबाणीतील आकाशवाणीची आठवण त्याला पुरेशी आहे. म्हणूनच फेब्रुवारी १९९५ मधील भारतीय सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय महत्त्वाचा ठरतो. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या निकालपत्राने लहरींना सार्वजनिक मालमत्ता मानले आणि त्यांचे नियंत्रण स्वायत्त सार्वजनिक प्राधिकरणाकडे सोपविण्याचा निर्देश दिला. ‘सार्वजनिक’ हे ‘शासकीय’ नव्हे, तसेच ते ‘खासगी’ही नव्हे, असा हा तिसरा अर्थ होता.

प्रत्यक्ष धोरणाने तो स्वीकारला नाही. खासगी एफएम केंद्रांचे परवाने लिलावाने विकले गेले; स्वतःच्या बातम्या देण्यास मात्र त्यांना मनाई राहिली. २०११ च्या धोरणाने मुभा दिली, तीही आकाशवाणीची बातमीपत्रे जशीच्या तशी ऐकविण्याची. मनोरंजन बाजाराकडे गेले आणि वृत्त शासनाकडे राहिले. ज्याच्या नावाने मालमत्ता ‘सार्वजनिक’ ठरली, तो श्रोता या वाटणीत कोठेच पक्षकार नव्हता.

नियमनमुक्तीने शासन माघार घेते, ही समजूत म्हणूनच तपासून घ्यावी लागते. शासन काय विकते आणि काय राखून ठेवते, यावरून त्याला कशाचे मोल वाटते आणि कशाचे भय, हे कळते. श्रोत्याला मिळते ते वाहिनी बदलण्याचे स्वातंत्र्य. बोलण्याचे आणि जाब विचारण्याचे स्वातंत्र्य त्याहून वेगळे आहे, आणि त्याचा परवाना अद्याप कोणी मागितलेला नाही.