प्रबंध अर्धा टाकून येऊ नकोस

चि. सई हिस,


परवा तुझा फोन झाला आणि मला रात्रभर झोप नाही. पीएच.डी. सोडून गावी येते, जिल्हा परिषदेला उभी राहते म्हणालीस. ताई तेव्हापासून गप्प गप्प आहे. मी रागावलो नाही गं बाळा. गावातला टँकर तुला तिकडे बसूनही टोचतो, याचा मामाला अभिमानच आहे. पण जरा ऐक.

तुझ्या प्रिन्स्टनमधलेच अँड्र्यू झ्विकर बघ. सूर्याच्या पोटात चालतं तसं संलयन इथे जमिनीवर घडवायची खटपट जिथे चालते, त्या प्लाझ्मा फिजिक्सच्या प्रयोगशाळेतले हे भौतिकशास्त्रज्ञ. डॉक्टरेट आधी, मग वर्षानुवर्षं संशोधन आणि विज्ञानशिक्षण, आणि राजकारण त्याच्याही नंतर. 2014 साली अमेरिकी काँग्रेससाठी पक्षाच्या प्राथमिक फेरीत उभे राहिले आणि पडले. पुढच्याच वर्षी न्यू जर्सीच्या विधानसभेला उभे राहिले आणि निवडून आले, तेही अवघ्या 78 मतांनी! आपल्या गल्लीत याहून जास्त माणसं राहतात. 2021 साली राज्याच्या सिनेटवर निवडून गेले. तिकडे आमदारकी हा पूर्णवेळचा धंदा धरत नाहीत, म्हणून आमदार झाल्यावरही त्यांची प्रयोगशाळेतली नोकरी चालू राहिली. आपल्याकडे असं जमणं कठीण, हे मला कळतं. पण निर्णय पुराव्यावर घ्यावा, असं ते लोकांना सांगतात, तेव्हा त्यामागे एवढ्या वर्षांचं काम उभं असतं. तुझ्यामागे काय असेल, अर्धा प्रबंध?

सातवीत असताना तू बाटलीचं पर्जन्यमापक केलं होतंस, आठवतं? रोज सकाळी आठला नोंद. एकदा ताप आला आणि दोन दिवस राहून गेले. शेजारच्या मुलाने आकडे सांगितले, तरी तू ते रकाने मोकळेच ठेवलेस. "मी मोजलं नाही, मामा." ती वही मी अजून कपाटात ठेवली आहे. सभागृहात अशी माणसं हवीत गं. समोर गर्दी आणि डोक्यावर पक्ष असताना रकाना मोकळा ठेवायला फार बळ लागतं, ते प्रबंध पुरा करतानाच अंगात मुरेल.

इकडे मृग कोरडा गेला. विहिरीत हातभर पाणी आहे. परवा ग्रामसभेत पाणीयोजनेचा हिशेब मागितला तर सगळे माझ्याकडेच बघायला लागले. म्हणजे तुझी गरज आहेच, नाही कोण म्हणतं? दोन वर्षं थांब. आमचा टँकर तोवर काही बंद होत नाही.

जेवण वेळेवर करत जा. ताईने भाजणी दळून ठेवली आहे, कुणी येणारं असेल तर कळव. आणि गाइडबाईंना राजीनाम्याचं पत्र देण्याआधी मला एकदा फोन कर, कितीही रात्र झाली असली तरी.

तुझा,
मामा