जुने इंजिन आणि दोन प्रश्न

नौकेचे इंजिन थकले की नाखव्यापुढे पेच पडतो : जुन्याचेच काम काढायचे की नवे बसवायचे? १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात मिरकरवाड्यापासून राजिवड्यापर्यंत हीच चर्चा असते. आपण हा प्रश्न मेकॅनिकचा समजतो, फार तर हिशेबाचा. आमच्या मते तो त्याआधी इमानाचा प्रश्न आहे. म्हणूनच आमच्यासारख्या शाळामास्तरांनीही त्यात तोंड घालायला हरकत नाही.

प्रथम यंत्राची बाजू पाहू. डिझेल इंजिन सहसा एकाएकी दगा देत नाही. ते आधीपासून सांगत असते. निळसर धूर येऊ लागला म्हणजे रिंगा, लायनर झिजून ऑइल जळते आहे. ऑइल दुधासारखे पांढुरके झाले म्हणजे आत पाणी शिरले आहे. सकाळी सुरू व्हायला फार वेळ घेते, तर बहुधा कॉम्प्रेशन उतरले आहे. एवढ्याने इंजिन भंगारात जात नाही. लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंगे बदलता येतात. क्रँक घासून पुढच्या मापाची बेअरिंगे बसवता येतात. मात्र क्रँक किती वेळा घासायचा यालाही मर्यादा आहे. ब्लॉकला चीर गेली असेल, खाऱ्या पाण्याने आतला धातू खाल्ला असेल किंवा सुटे भागच मिळत नसतील, तर ती दुरुस्ती म्हणजे नुसती मनाची समजूत. उलट, नवे म्हणजे निर्धोक असेही नाही. जुन्या लाकडी नौकेत जादा ताकदीचे इंजिन घातले आणि गिअरबॉक्स, शाफ्ट, पंखा त्याला जुळले नाहीत, तर त्या थरथरीने नौकेचेच सांधे सैल होतात.

एवढे चांगला मेकॅनिक सांगेल. पण या निर्णयात कोणाचा पैसा गुंततो आणि कोणाचा जीव टांगणीला लागतो, हे तो सांगणार नाही. ते आपल्यालाच विचारावे लागते.

सूरह कहफमधला प्रसंग आपल्या घराघरांत ठाऊक आहे. हजरत मूसा (अलै.) आणि परंपरा ज्यांना हजरत खिज्र म्हणते ते ज्ञानी पुरुष एका नौकेत बसतात. खिज्र त्या नौकेला छिद्र पाडतात. मूसा न राहवून विचारतात, आत बसलेल्यांना बुडवायचे आहे काय? पुढे उलगडा होतो. नौका समुद्रावर राबणाऱ्या गरिबांची होती आणि एक राजा नौका बळाने हिरावून घेत होता. खोट निघाली म्हणून ती गरिबांकडे राहिली. या प्रसंगातून आपण सब्राचा धडा घेतो, तो योग्यच आहे. आम्हाला त्यात दोन प्रश्नही दिसतात. मूसांचा प्रश्न : यात बसणारे बुडतील का? आणि खिज्रांच्या उत्तरात दडलेला प्रश्न : नौका राबणाऱ्याच्या हातात राहील का?

आधी दुसरा प्रश्न घेऊ. नव्या इंजिनाला लाखांनी पैसे लागतात आणि ते रोख थोड्यांकडेच असतात. मग व्यापाऱ्याकडून आगाऊ उचल घेतली जाते. त्यानंतर मासळी त्यालाच घालायची, त्याच्याच भावाने. कागदावर व्याज नसते, म्हणून आपले मन निवांत असते. पण दर टोपलीमागे पडलेला भाव हे व्याज नाही तर काय आहे? आजच्या राजाला नौका बळाने न्यावी लागत नाही. नौका नाखव्याच्याच दारात उभी असते, तिची कमाई मात्र दुसऱ्याची झालेली असते. अशा वेळी जुन्या इंजिनाचे नीट काम करून आणखी काही हंगाम काढणे हा कंजूषपणा नव्हे. ते आपले स्वातंत्र्य राखणे आहे.

परंतु हाच युक्तिवाद पुढे करून मूसांचा प्रश्न गिळून टाकता येत नाही. शिडाच्या काळात माणूस वाऱ्यावर आणि वल्ह्यांवर परत येई. १९५० च्या दशकापासून किनाऱ्यावर यंत्रे येत गेली आणि शिडे उतरली. आता भर समुद्रात इंजिन बंद पडले तर नौका लाटांवर वाहत जाते. तीत कोण असते? पुष्कळदा नाखवा किनाऱ्यावर असतो. आत तांडेल आणि खलाशी असतात. रत्नागिरीच्या नौकांवर तर नेपाळहून आलेली मुले राबतात. ज्यांनी समुद्र इथेच येऊन पाहिला, त्यांना इंजिनाबद्दल कोण विचारतो? शिवाय थकलेले इंजिन डिझेल जास्त पिते आणि जिथे वाट्याची पद्धत आहे तिथे डिझेलचा खर्च वाटे पडण्याआधी वजा होतो. म्हणजे इंजिन न बदलण्याची किंमत खलाशीही भरतो, फक्त त्याला कोणी ती सांगत नाही.

येथे त्या प्रसंगातली एक गोष्ट ध्यानात घ्यावी. खिज्रांनी छिद्र पाडले तेव्हा ते स्वतः त्याच नौकेत बसलेले होते. खोट त्यांनी किनाऱ्यावर राहून दुसऱ्यांच्या पायाखाली ठेवली नाही. शिवाय त्यांच्याकडे जे ज्ञान होते ते आपल्यापाशी नाही. ‘काही होणार नाही’ असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोठून आला?

आमचे म्हणणे एवढेच आहे. इंजिन उघडले जाईल तेव्हा नाखव्याने तांडेलाला आणि खलाशांना शेजारी उभे करावे. काय झिजले, काय बदलणार, काय तसेच ठेवणार, हे त्यांच्यासमोर बोलले जावे. उचल घेणार असेल तर तिच्या अटीही त्यांना कळाव्यात, कारण मासळीचा भाव पडला की त्यांचा वाटाही पडतो. आणि उतरवलेले इंजिन एखाद्या छोट्या होडीवाल्याला विकायचे असेल, तर त्याचा ऐब आधी सांगावा. ऐब लपवून केलेला सौदा मोडण्याचा हक्क शरीयतने गिऱ्हाइकाला दिलेला आहे, पण समुद्रात इंजिन बंद पडल्यावर तो हक्क त्याच्या काय कामाचा?

आमच्या वर्गात नाखव्याचा मुलगा आणि खलाशाचा मुलगा एकाच बाकावर बसतात. तुमच्या नौकेवर कोणते इंजिन आहे आणि ते का ठेवले आहे, असे दोघांना विचारले तर दोघांनाही सारखेच उत्तर देता यावे. मग ते इंजिन जुने असो की नवे.