लाटणे

मराठी भाषेवर माझे प्रेम असले तरी काही बाबतींत तिने मला नीट मार्गदर्शन केलेले नाही. आता 'लाटणे' हेच क्रियापद घ्या. आई पोळी लाटते, आत्या पापड लाटते आणि चुलतभाऊ सामाईक जमीन लाटतो. तिन्ही ठिकाणी क्रियापद एकच. परक्या देशातला एखादा विद्वान मराठी शिकायला बसला तर आमच्या बायका दुपारच्या वेळी चुलतभावांसारखा काहीतरी उद्योग करीत असाव्यात, असा त्याचा समज व्हायचा. परक्याचे सोडा. माझा स्वतःचाच तसा समज होता, आणि तो मला सत्तरी ओलांडल्यावर, तोही चारचौघांत, कळून आला.

झाले असे. गेल्या दिवाळीच्या आधी आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीच्या हॉलमध्ये बचत गटांच्या मालाचे तीन दिवसांचे प्रदर्शन भरले होते. मी व्यवस्थापन समितीत होतो. म्हणजे खुर्च्या मोजून घेतल्या होत्या आणि त्या मोजून परत द्यायच्या होत्या. मधल्या वेळात छातीला बिल्ला लावून फिरायचे. बिल्ला लावला की माणसाच्या चालण्यात एक प्रकारचे समाजकार्य येते. तसे माझ्याही आले होते. मी मुरबाडकडून आलेल्या एका बाईंच्या टेबलापाशी थांबलो आणि उडदाच्या पापडाचे पाकीट उचलले.

"केवढ्याला?"

"एकशे वीस."

"एकशे वीस! अहो, बाहेर ऐंशीला मिळतं."

"मग बाहेर घ्या की, काका."

"तसं नाही हो. पण तुमचं हे महिलांचं काम, समाजकार्यच म्हणायचं. मग भावही समाजाला परवडेल असा नको?"

बाईंनी माझ्या बिल्ल्याकडे पाहिले.

"समाजकार्य तुम्ही करायला आलाय, काका. मी पापड विकायला आलेय."

शेजारच्या लोणच्याच्या टेबलावरची बाई हसली. आमची ही मागे उभी होती, तीही हसली. ते मला जास्त लागले. कारण आदल्याच रविवारी मॉलमध्ये मी दोन हजार चारशे नव्याण्णवचा शर्ट एक शब्द न बोलता घेतला होता आणि वर त्या पोराला "थँक्यू" म्हणालो होतो. त्या शर्टाच्या मागे कोण मालक आहे, त्याला त्यात किती सुटतात, ही चौकशी मी केली नव्हती. ज्याच्या नफ्याला अंत नाही त्याच्या दुकानात मी मुकाट, आणि जिला पाकिटामागे पंधरा-वीस रुपये सुटत असतील तिच्यापुढे मी अर्थशास्त्रज्ञ.

खजील झालेला माणूस दुसरी चूक करतो. मी पापडाची दोन पाकिटे घेतली, तीन नोटा पुढे केल्या आणि उदार आवाजात म्हणालो, "राहू द्या वरचे."

बाईंच्या कपाळाला पहिल्यांदाच आठी पडली. घासाघीस त्यांनी हसून घेतली होती, हे काही त्यांना हसून घेता येईना. "साठ रुपये परत घ्या," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी गटात हिशेब द्यायचा असतो. हे कुठं लिहू?"

मी पैसे परत घेतले. साठ रुपये इतके जड असतात हे मला माहीत नव्हते.

हा प्रसंग मी आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांना सांगितला, तीही चूकच. काका सरकारी हिशेबतपासनीस होते. नोकरी संपली, तपासणी संपली नाही. ते म्हणाले, "बरोबरच आहे तुमचं. सेवा की धंदा, एक काय ते ठरवा म्हणावं. सेवा असेल तर नफा कशाला, आणि धंदा असेल तर आपला हॉल फुकट कशाला?" त्यांच्या मते ज्या संस्थेचा ताळेबंद तुटीत ती संस्था प्रामाणिक. शिल्लक दिसली की कुठेतरी पाणी मुरले.

हसू नका. आपण सगळेच थोडेफार या काकांच्या मताचे असतो. समाजसेवकाने कसे असावे याचे एक चित्र आपल्या मनात पक्के आहे. खांद्याला शबनम, पायांत झिजलेली चप्पल, प्रवास एसटीने. असा माणूस दिसला की आपण त्याच्यासमोर वाकतो. तोच पुढच्या वर्षी स्कूटरवरून आला की आपण वाकत नाही, नंबरप्लेट वाचतो. चांगल्या कामाने गरीबच राहिले पाहिजे अशी आपली अट असते. आणि गंमत म्हणजे ही अट घालणाऱ्याला स्वतःला गरीब राहायचे नसते.

याची दुसरी बाजू आमच्या कपाटात आहे. त्यात नऊ मेणबत्त्या, चार कापडी पिशव्या आणि एक न पेटणारी उदबत्तीची पुडी आहे. या सगळ्या वस्तू आम्ही निरनिराळ्या चांगल्या संस्थांकडून घेतल्या. मेणबत्त्या वाकड्या आहेत. दिवे गेले तरी आम्ही त्या लावत नाही, मोबाइलचा उजेड पाडतो. म्हणजे आम्ही त्या विकत घेतल्याच नाहीत. आम्ही दान दिले, आणि मेणबत्ती ही त्या दानाची पावती. तिला उभे राहता येते की नाही हे पाहण्याची गरज आम्हाला वाटली नाही, आणि ते ज्याने बनवले त्याला कुणी सांगितलेही नाही.

माझा भाचा चार्टर्ड अकाउंटंट आहे. "मामा, तुझ्या काकांचा प्रश्न कायद्याने कधीच निकालात काढलाय," तो म्हणाला. 2013 च्या कंपनी कायद्यात आठवे कलम आहे. त्याआधी 1956 च्या कायद्यात तेच पंचविसावे होते. धर्मादाय किंवा समाजोपयोगी कामासाठी कंपनी काढता येते, तिला नफाही करता येतो. फक्त तो सभासदांनी लाभांश म्हणून वाटून घ्यायचा नाही, त्याच कामात घालायचा. म्हणजे कायद्याला नफ्याचे वावडे नाही. तो पुढे कुठे जातो तेवढे त्याला पाहायचे असते. माझ्यापेक्षा कायदा शहाणा निघावा ही गोष्ट मला फारशी आवडली नाही.

पण या बाबतीत मला शहाणे करायला कायद्याची गरज नव्हती. ते शहाणपण आमच्या घरात पोळपाटावर बसले होते. मी पाहिले नाही एवढेच.

गिरगावात 15 मार्च 1959 रोजी सात गुजराती बायका एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला बसल्या. छगनलाल पारेख, म्हणजे छगनबाप्पा, यांच्याकडून 80 रुपये उसने घेतलेले. पहिल्या दिवशी झाली चार पाकिटे, आणि ती भुलेश्वरच्या एका व्यापाऱ्याला विकली. तोटा आला तरी कुणापुढे देणगीसाठी हात पसरायचा नाही असे त्यांनी ठरवले होते. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करीत, एक चांगला आणि एक स्वस्तातला. छगनबाप्पांनी सांगितले, एकच करा आणि तो चांगला करा. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून काम चार महिने बंद ठेवावे लागले. दुसऱ्या वर्षी त्यांनी खाट आणली, खाली स्टोव्ह पेटवला, वर पापड पसरले. पावसाला म्हणाल्या, पड आता. त्यातून 'लिज्जत' उभी राहिली. आज तिथे सुमारे 45 हजार बायका आहेत आणि नियमाप्रमाणे त्या नोकर नाहीत, मालकिणी आहेत. नफा झाला तर वाटून घ्यायचा, तोटा झाला तर तोही. त्या सातांपैकी जसवंतीबेन पोपट यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. पापड लाटून पद्मश्री! देणगी मागत हिंडल्या असत्या तर कदाचित आदर लवकर मिळाला असता.

तर, 1968 च्या सुमाराला आमची आत्या तिथे जाऊ लागली. आत्या लवकर विधवा होऊन आमच्याकडे, गिरगावातल्या चाळीत, दोन खोल्यांत राहायला आली होती. घर स्वच्छ आहे का, वाळवण घालायला जागा आहे का, हे पाहायला संस्थेच्या बायका येणार म्हटल्यावर तिने आदल्या दिवशी सगळे घर घासले आणि आजोबांची पिकदाणी कॉटखाली दडवली. आजोबांचे त्या दिवशी फार हाल झाले. बायका आल्या, पाहून गेल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून आत्या पहाटे उठून मळलेले पीठ घेऊन यायची. लाटायचे, वाळवायचे, आणि दुसऱ्या दिवशी ते पापड देऊन मजुरी घेऊन नवे पीठ आणायचे. आमच्या घरात उडीद आणि हिंग यांचा वास कायमचा राहायला आला. माझ्या भूमितीच्या वहीलासुद्धा तो यायचा, आणि वहीतल्या वर्तुळांपेक्षा आत्याची वर्तुळे जास्त बिनचूक असत.

घरात याला काय म्हणायचे हा प्रश्न होता. मास्तरांच्या घरातली बाई पापड लाटून पैसे मिळवते असे म्हणणे आजोबांना जड जाई. म्हणून ते आल्यागेल्याला सांगत, "जरा विरंगुळा म्हणून करते हो. वेळ जातो." मी त्यांच्यापेक्षा आधुनिक होतो. मी वर्गात सांगितले, माझी आत्या समाजसेवा करते. एकदा हे तिच्या कानांवर पडले. तिने लाटणे थांबवले नाही. "विरंगुळ्याला कुणी पहाटे साडेचारला उठतं का रे?" एवढेच म्हणाली, आणि पुढची लाटी घेतली. समाजसेवेबद्दल तर ती बोललीच नाही. तो विनोद आहे असेच तिला वाटले असावे.

माझी कॉलेजची फी त्या पापडांतून गेली. हे मला तेव्हा माहीत होते. पण 'आत्याने फी भरली' असे मी कुठे म्हटलेले मला आठवत नाही. 'आत्याचीही थोडी मदत झाली' असे म्हणायचो. मिळवलेल्या पैशाला मदत म्हटले की तो कसा सोवळा होतो, आणि मिळवणारीचे मनगट दुखत होते हे विसरायला सोपे जाते.

त्याच काळात दोन-तीन मैलांवर गिरणगावात दुसऱ्या बायका खोलीत चूल पेटवून गिरणी कामगारांना जेवू घालत होत्या. वाण्याकडून उधार घ्यायचे, त्याच्या व्याजात बुडायचे. प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये त्यांचे अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि त्यांना बँकेच्या कर्जाची वाट दाखवली. मी पुढे बँकेतच नोकरीला लागलो, म्हणून हे मला विशेष आठवते. खानावळवालीला कर्ज म्हटल्यावर कपाळाला आठ्या घालणारी माणसे मी पाहिली आहेत. देणगी म्हणून शंभर रुपये मागितले असते तर त्यांनीच खिशात हात घातला असता. देणगीत आपला हात वर राहतो ना! कर्जात दोघांचे हात एका पातळीवर येतात.

संशय अगदीच निराधार असतो असेही मला म्हणायचे नाही. या महाराष्ट्रात सहकाराचा स्वाहाकार कसा होतो हे आपण पाहिले आहे. संस्थेच्या नावाने भूखंड घेऊन त्यावर नातलगांची सोय करणारे परोपकारी आपल्या ओळखीचे आहेत. तेही लाटतातच. मग भोळ्या माणसाने करावे काय? काकांचे उत्तर, कुणाचाच नफा पाहून खपवून घेऊ नये. माझे उत्तर मला अजून नीट मांडता येत नाही. पण ज्याच्या हाताला पीठ लागलेले आहे त्याच्या पदरात काय पडले हे विचारावे, असे काहीतरी ते आहे. मुरबाडच्या बाईंना मी हे विचारले नव्हते. मला किती सूट पडेल एवढेच विचारले होते.

बरे, ते पापड. दुसऱ्या दिवशी हिने भाजले. खमंग होते, पण मीठ जास्त. पहिले पाकीट ठीक; दुसऱ्यातला घास घेतला की पाण्याचा तांब्या शोधावा लागे. ही म्हणाली, "राहू दे. गरीब बायका आहेत. कपाटात ठेवू." मी कपाट उघडले. आतून नऊ मेणबत्त्या माझ्याकडे वाकून पाहात होत्या.

तिसऱ्या दिवशी बिल्ला न लावता मी हॉलमध्ये गेलो आणि ते पाकीट बाईंच्या टेबलावर ठेवले. "यात मीठ जास्त पडलंय."

त्यांनी एक कच्चा पापड काढला, कोपरा मोडून तोंडात टाकला आणि डोळे मिटले. लोणच्याची बाईसुद्धा थांबून पाहू लागली. आमच्या काकांनी सबंध नोकरीत एखादी फाइल इतक्या गंभीरपणे तपासली नसेल.

"आहे," त्या म्हणाल्या. मग पाकिटावरचा नंबर पाहून मागच्या पोरीला ओरडल्या, "अगं, मंगळवारचा घाणा बाजूला काढ सगळा!" मला दुसरे पाकीट दिले. आभार मानले नाहीत, माफी मागितली नाही. फक्त विचारले, "आणि तिखट कसं वाटलं?"

मी म्हणालो, मिरी अजून थोडी चालेल.

त्यांनी ते वहीत लिहून घेतले.